‘जी-हून’ या कोरियन नावाचा अर्थ काय? उत्तर एकच नाही. कारण दडलंय लिपीत

कोरियन मालिका पाहणाऱ्यांच्या कानावर ‘जी-हून’ हे मुलाचं नाव हमखास पडतं. इंटरनेटवर अर्थ शोधला की कुठे ‘बुद्धिमान’ दिसतं, कुठे ‘पराक्रमी’. मग खरं काय? नुसता उच्चार ऐकून ते सांगताच येत नाही.

एक उच्चार, अनेक अर्थ

मराठीत ‘कर’ म्हणजे हात, सरकारी कर आणि ‘काम कर’मधलं क्रियापदही. कोरियन नावांचं तसंच आहे. बहुतेक नावं ‘हांजा’ म्हणजे चिनी चिन्हांवरून ठेवली जातात. ‘जी’ हा उच्चार असलेल्या चिन्हांचे अर्थ बुद्धी, ज्ञान किंवा निश्चय असे वेगवेगळे आहेत. ‘हून’चे अर्थ पराक्रम, शिकवण किंवा सुगंध. आई-वडील कोणती जोडी निवडतात, त्यावर अर्थ ठरतो. रोजच्या वापरातल्या हंगुल लिपीत मात्र ही सगळी नावं सारखीच दिसतात.

दोन प्रसिद्ध जी-हून

‘फुल हाउस’ मालिकेतला गायक-अभिनेता रेन याचं खरं नाव जंग जी-हून. त्याच्या नावातली चिन्हं बुद्धी आणि सुगंध यांची आहेत. कवी जो जी-हून (१९२०-१९६८) यांच्या नावातही ‘हून’ सुगंधाचाच, पण ‘जी’ एका वनौषधीचा. विशेष म्हणजे हे त्यांचं टोपणनाव होतं.

चिन्हं कोण ठरवतं?

निवड आई-वडिलांची असली तरी ती मोकाट नाही. दक्षिण कोरियात १९९१ पासून नावासाठी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेल्या यादीतलीच हांजा चिन्हं नोंदवता येतात. आज या यादीत आठ हजारांहून अधिक चिन्हं आहेत. काही घराण्यांत एका पिढीतल्या भावंडांच्या नावात एक अक्षर समान ठेवण्याची प्रथा आहे. तिथे दुसरं अक्षरच निवडायचं उरतं.

‘हून’ हे मधलं नाव नव्हे

कोरियात आडनाव आधी येतं. ‘जंग जी-हून’मध्ये ‘जंग’ आडनाव आणि ‘जी-हून’ हे अख्खं एक नाव. आपल्याकडे मधे वडिलांचं नाव येतं, तसं इथे काही नसतं. रोमन लिपीत हेच नाव ‘जिहुन’, ‘जीहून’ किंवा जुन्या पद्धतीनुसार ‘चिहुन’ असंही लिहिलेलं आढळतं. स्पेलिंग बदललं म्हणून अर्थ बदलत नाही.

सगळीच नावं अशी असतात का?

नाही. ‘हानुल’ म्हणजे आकाश. हा अस्सल कोरियन शब्द मुलगा आणि मुलगी दोघांसाठीही वापरतात. त्याला हांजाची गरज नाही. उच्चारातच अर्थ आहे.

लक्षात काय ठेवायचं?

आवडत्या कलाकाराच्या नावाचा अर्थ हातावर गोंदवून घ्यायचा असेल किंवा बाळाचं नाव ठरवायचं असेल, तर ‘एक नाव, एक अर्थ’ सांगणाऱ्या याद्यांवर विसंबू नका. आधी त्या व्यक्तीच्या नावाची हांजा चिन्हं शोधा. ती मिळाली नाहीत, तर यादीतला अर्थ हा केवळ अंदाज समजावा.