पुठ्ठ्याचे विमान आणि नऊ हजार चारशे रुपये

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने विमानावर लेख लिहावा याचे आमच्या संपादक मंडळालाही नवल वाटले. ‘जी. एस. टी. वर लिही की’ असे त्यांनी सुचवून पाहिले. पण गेल्या दीड वर्षात माझ्या हातून जो काही अभ्यास मन लावून झाला, तो या एकाच विषयाचा; आणि त्यात जमाखर्चही भरपूर आहे. म्हणून वाचकांनी हा लेख वाणिज्य विभागातच धरावा.

आमच्या करजगीवरून विमान जाते ते फार उंचावरून. पांढरी रेघ तेवढी दिसते. जवळून विमान पाहिले ते बिदरला, आत्याच्या घरी गेलो होतो तेव्हा. बिदरला हवाई दलाचा तळ आहे आणि नवे वैमानिक तेथे शिकतात. ‘सूर्यकिरण’ हे कसरती करणारे पथकही १९९६ साली तेथेच उभे राहिले. आत्याच्या गच्चीवर उभा राहिलो की शिकाऊ विमाने किल्ल्याच्या बाजूने वळताना दिसत. आत्याला त्या आवाजाचा कंटाळा. मी मात्र जेवायला खाली उतरत नसे. पुढे मुंबईचे वैमानिक अमोल यादव यांच्याविषयी वाचले. त्यांनी कांदिवलीतील इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले आणि ते २०१६ साली मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात मांडले. गच्चीवर विमान होते, तर पडवीत का होऊ नये? अर्थात माझे विमान माणूस बसण्याचे नव्हे. सव्वा मीटरहून थोडे कमी पंखांचे, फोमबोर्डचे, जमिनीवरून रेडिओने चालवायचे.

फोमबोर्ड म्हणजे शाळेच्या प्रदर्शनात तक्ते चिकटवतात तो पाच मिलिमीटर जाडीचा पांढरा पुठ्ठा. मध्ये फेस, दोन्ही अंगांना कागद. नुसता फेस हाताने मोडतो आणि नुसता कागद उभा राहत नाही. पण दोन्ही एकत्र आले की गोष्ट बदलते. पंख वर वाकू लागला की खालचा कागद ताणला जातो, वरचा दाबला जातो, आणि मधला फेस त्या दोघांना एकमेकांपासून दूर धरून ठेवतो. लोखंडी तुळईची वरची व खालची पट्टी हेच काम करते. पूर्वी अशी विमाने बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाची करीत. ते काम नाजूक, आणि मोडले तर महिनाभराची मेहनत गेली. फोमबोर्डचे विमान दोन संध्याकाळी होते, चाकू, पट्टी आणि गरम गोंदाची बंदूक एवढ्यावर. मात्र घेताना तक्ता हातात तोलून पाहावा. जाडी सारखी असली तरी वजन सारखे नसते, आणि कागदाला दव लागले की तो भिजून सुटतो. पोटाखाली रुंद चिकटपट्टी मारून घ्यावी.

आता हिशेब. तुरीच्या दोन हंगामांत मी अडतीवर वही लिहिली. त्यातून घरी देऊन उरलेले पैसे असे गेले : रेडिओ व त्याचा ग्राहक ४,८००, बॅटरी १,७००, चार्जर ५५०, मोटर आणि तिचा वेग सांभाळणारे यंत्र १,०५०, चार सर्व्हो (पंखाचे तुकडे हलवणाऱ्या छोट्या मोटारी) ४८०, फोमबोर्डचे पाच तक्ते ४५०, पंखे, तारा, गोंद ३७०. एकूण ९,४००. आप्पांनी वही उघडून बेरीज तपासली. ती बरोबर होती. ते म्हणाले, “उडालं तर सांग.” एवढेच. त्या पैशांत गोठ्यावरचे दोन पत्रे बदलून झाले असते, हे त्यांनी बोलून दाखवले नाही. म्हणूनच मला ते जास्त लागले.

पहिले विमान मी ऐटीने चार वाहिन्यांचे केले. म्हणजे वेग, शेपटीचा आडवा तुकडा, उभे सुकाणू आणि पंखांच्या टोकांचे तुकडे, सगळे हलणारे. सोलापूरला अभियांत्रिकी शिकणाऱ्या मावसभावाने फोनवर बजावले होते, “आधी तीन वाहिन्यांचं कर.” ऐकले नाही. जानेवारीतल्या एका सकाळी आमच्या मोकळ्या झालेल्या तुरीच्या रानात माझ्या मित्राने ते फेकले. नाक वर, वर, आणखी वर, मग डावा पंख खाली, आणि धप्प. चार सेकंद. राईट बंधूंचे पहिले उड्डाण १७ डिसेंबर १९०३ रोजी बारा सेकंद आणि १२० फूट झाले होते, असे मी मित्राला ऐकवले. तो म्हणाला, “त्यांनी त्याआधी किती वर्षं पतंग आणि ग्लायडर उडवले, तेही सांग.” खरेच होते. १८९९ साली त्यांनी पतंगापासून सुरुवात केली आणि १९०१ साली पंख तपासायला हवेचा बोगदाही बांधला होता. आम्ही एक तोल पाहिला नव्हता.

तोल ही या विद्येची मेख आहे. ज्याने बैलगाडी भरली आहे त्याला ती लगेच कळेल. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळते, जू बैलांच्या मानेवरून उचलले जाते. माल पुढे जास्त झाला तर जू मानेवर दाबते, बैल दमतात, पण गाडी चालते. विमानाचेही तसेच. पंखाच्या पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश अंतरावर विमान दोन बोटांवर तोलून राहिले पाहिजे. माझ्या पंखाची रुंदी २० सेंटिमीटर. म्हणजे ही जागा पाच ते साडेसहा सेंटिमीटरवर येते. नवशिक्याने पाचाच्या जवळ राहावे. माझ्या पहिल्या विमानाची तोलाची जागा नऊवर होती. बॅटरी मागे ठेवली होती, कारण तिथे खाच कापायला सोपी होती!

उलाळलेल्या विमानाचे नाक आपोआप वर जाते. नाक वर गेले की पंख हवेला जास्त तिरपा लागतो. काही मर्यादेपर्यंत तिरपेपणाने उचल वाढते. पतंगाची कन्नी आपण याचसाठी पुढेमागे बांधतो. पण तिरपेपणा पंधरा अंशांच्या आसपास गेला की पंखावरून घसरत जाणारी हवा पंख सोडून देते. उचल एकदम कोसळते. दोन पंखांपैकी जो आधी हवा गमावतो तो खाली जातो. आमचा डावा गेला. त्या क्षणी मी दांडी आणखी ओढली, हे दुसरे पाप. नाक खाली करून वेग येऊ द्यायला हवा होता. पण जमिनीकडे चाललेल्या विमानाचे नाक मुद्दाम जमिनीकडे करायला हात धजत नाही. हात धजावा म्हणूनच विमान उंचावर नेऊन सराव करायचा असतो.

येथे वाणिज्य शाखा कामी आली. अपघाताच्या रात्री मी वही उघडली. मोडले काय? दोन तक्ते, एक पंखा, मोटरचा दांडा. तीनशे रुपयांच्या आत. रेडिओ, सर्व्हो, चार्जर शाबूत. म्हणजे ९,४०० मधले बहुतेक सगळे स्थिर भांडवल आहे आणि विमान हा नुसता कच्चा माल आहे. ज्याला आपण ‘विमान’ म्हणतो ते खरे तर खर्ची पडण्यासाठीच असते. आप्पांना हे समजावून सांगितले. ते म्हणाले, “मग रेडिओच उडव.”

दुसऱ्या वेळी मावसभावाचे ऐकले. तीन वाहिन्या : वेग, चढउतार, सुकाणू. पंखांना हलते तुकडे नाहीत, पण दोन्ही पंख मधोमध वर मुडपलेले, अर्ध्या उघडलेल्या पुस्तकासारखे. या मुडपण्यात सगळी गंमत आहे. सुकाणू उजवीकडे केले की नाक उजवीकडे फिरते आणि डावा पंख पुढे येतो. तो वर मुडपलेला असल्यामुळे हवा त्याला जास्त खालून लागते, तो उचलला जातो आणि विमान उजवीकडे कलून वळते. दांडी सोडली की उलट क्रियेने ते सरळ होऊ पाहते. चालवणारा गोंधळला तरी विमान गोंधळत नाही. पंख १२० सेंटिमीटर लांब, म्हणजे क्षेत्रफळ २,४०० चौरस सेंटिमीटर. अडतीच्या छोट्या काट्यावर विमान भरले ८६० ग्रॅम. दर शंभर चौरस सेंटिमीटरला ३६ ग्रॅम ओझे पडले. ओझे जितके कमी, तितक्या कमी वेगात विमान तरंगते आणि तितका विचार करायला वेळ मिळतो.

मोटरविषयी थोडे. माझ्या मोटरवर १००० के. व्ही. असे लिहिले आहे. त्याचा अर्थ हजार किलोव्होल्ट नव्हे (मीही तसे समजून घाबरलो होतो). दर व्होल्टला मोकळ्या मोटरचे मिनिटाला हजार फेरे. बॅटरी ११.१ व्होल्टची, म्हणजे अकरा हजारांवर फेरे. पंखा लावल्यावर त्याहून कमी. तरीही बोट सांभाळायला हे कमी नाही. माझ्या डाव्या तर्जनीवरचा व्रण त्याची साक्ष देईल. घरात तपासणी करताना पंखा काढून ठेवावा. दर वेळी. सुरू करताना आधी रेडिओ, मग विमान. बंद करताना आधी विमान. रेडिओचा संकेत तुटला तर मोटर आपोआप बंद होईल अशी योजनाही आधीच करून ठेवता येते. ती करावीच.

आता बॅटरी. हा भाग वाचकांनी घाईने ओलांडू नये. ही लिथियम पॉलिमरची, तीन घरांची असते. भरलेल्या घराला ४.२ व्होल्ट, तीनच्या खाली गेले की घर मेले. २,२०० मिलिअँपिअर-तास म्हणजे दहा अँपिअरने तेरा मिनिटे. पण पाचवा हिस्सा शिल्लक ठेवायचा, म्हणून दहा मिनिटांत उतरावे. हे सगळे मला ठाऊक होते. जे ठाऊक असून केले नाही ते असे : दुसरे विमान तिसऱ्या दिवशी बांधावर आदळले आणि बॅटरीच्या एका कोपऱ्याला पोचा आला. व्होल्टमीटरवर आकडे ठीक दिसले. संध्याकाळी मी ती पडवीत चार्जरला लावली आणि आत अभ्यासाला बसलो. पडवीच्या दुसऱ्या टोकाला वर्षाचा कडबा रचलेला. थोड्या वेळाने आजीने हाक मारली, “अरे, हे तुझं भाकरीसारखं फुगायलंय बघ.”

धावत गेलो. बॅटरी खरोखर टम्म फुगली होती आणि गोडसर वास येत होता. तार काढली, घमेल्यात माती घेतली, चिमट्याने तीत बॅटरी ठेवली आणि अंगणाच्या पार टोकाला नेली. पेटली नाही. पेटली असती तर तिची आग पाण्याच्या एका बादलीने विझणारी नसते. आणि कडबा, त्याला लागून गोठा, गोठ्यात दोन बैल व एक गाभण म्हैस. त्या रात्री मी अंगणातच झोपलो. आप्पा सकाळी एवढेच म्हणाले, “यंत्र तुझं, पण कडबा जनावरांचा.” तेव्हापासून माझी बॅटरी भर अंगणात, फरशीवर, मी समोर बसलेला असतानाच भरते. २.२ अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह देत नाही. वापरायची नसेल तेव्हा दर घराला ३.८ व्होल्टवर ठेवतो; आणि जिला पोचा आला ती पुन्हा वापरत नाही. सतराशे रुपयांचा तो तोटा मी वहीत लाल शाईने लिहिला आहे.

उडवण्याची वेळ आमच्याकडे माघ-फाल्गुनातली सकाळ. ज्वारी निघालेली असते, खाली मऊ काळे रान, आणि लिंबाची पाने हलत नाहीत. नऊनंतर जमीन तापते, घारी घिरट्या घालू लागतात. घार फिरू लागली की समजावे, हवा वर चढते आहे आणि आपले हलके विमान तिच्या लहरीवर जाणार. आषाढात तर नावच काढू नये. वाऱ्याच्या तोंडावर फेकावे, सरळ आणि पातळ, वर नाही. फेकणारा माझा मित्र कन्नड माध्यमातला. तो “बिडु?” म्हणतो, म्हणजे सोडू का. मी “बिडु” म्हणालो की फेकतो. विमान आपल्याकडे तोंड करून येऊ लागले की डावे-उजवे उलटते आणि नवशिक्याची खरी फजिती तेथे होते. तेव्हा तो मागून ओरडतो, “एडक्क! बलक्क!” कन्नडमध्ये एड म्हणजे डावे, बल म्हणजे उजवे. मराठी कानाला एडका आणि बळ ऐकू येते. पहिल्या आठवड्यात मी अर्थ लावेपर्यंत विमान बाभळीत. मग एक युक्ती सापडली : विमान समोरून येत असेल तर जो पंख खाली गेला आहे त्याच बाजूला दांडी ढकलायची, जणू त्या पंखाला टेकू द्यायचा. टेकू हा शब्द दोन्ही भाषांत विचार करावा लागत नाही असा निघाला.

कायद्याचीही ओळख हवी. २५ ऑगस्ट २०२१ रोजी आलेले ड्रोन नियम अशा विमानांनाही लागू आहेत. २५० ग्रॅमपर्यंतचे यान नॅनो, त्यापुढे दोन किलोपर्यंत मायक्रो. आकाशाचे हिरवे, पिवळे, तांबडे असे भाग केलेले आहेत; डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर नकाशा पाहून आणि नोंदणीचे काय लागते ते वाचूनच बाहेर पडावे. हिरव्या भागातही ४०० फुटांच्या वर जायचे नाही. तसे तेवढ्या उंचीवर आपले विमान कोणत्या दिशेला तोंड करून आहे ते दिसतही नाही. बिदरच्या तळाजवळ किंवा २०१९ साली सुरू झालेल्या कलबुर्गीच्या विमानतळाजवळ कोणी हौस भागवू नये. तसेच गाणगापूरच्या यात्रेसारख्या गर्दीवरही. पाऊण किलोहून जड वस्तू फिरत्या पंख्यासह डोक्यावर पडणे हा खेळ नव्हे.

अकराव्या फेकीला ते उडाले. सहा मिनिटे, रानाला सात वेढे, आणि उतरले ते चालत आल्यासारखे. मित्राने मला उचलून घेतले. बांधावर आप्पा कधी येऊन उभे होते ते कळले नाही. त्यांनी विमान हातात घेतले, दोन बोटांवर तोलून पाहिले आणि विचारले, “मागचं ओझं पुढं घेतलंस का?”

सध्या पंख तिसरे, सांगाडा दुसरा, रेडिओ पहिलाच. नवी बॅटरी या हंगामाच्या पगारातून घेतली. त्याआधी गोठ्याचे पत्रे झाले. वर्गातील ज्यांना शिकायचे आहे त्यांनी रविवारी सकाळी सातच्या आत यावे. येताना पाच मिलिमीटरचा एक तक्ता आपापला आणावा.