पत्त्यांची कमाई की महिन्याचा पगार?

भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या कारखान्यांत राबणारी, काशिमीऱ्याकडे रात्रपाळी करणारी आपली तरुण मुले आम्हाला हमखास विचारतात, "पोकर-रमीत एका रात्रीत पाच हजार सुटतात, मग पंधरा हजारांसाठी महिनाभर का मरायचं?" हा प्रश्न रागावून उडवून लावण्यासारखा नाही. त्याचा हिशोब मांडला पाहिजे.

पोकरमध्ये कौशल्य लागते आणि काही मोजके लोक त्यात वर्षानुवर्षे कमावतातही. पण या खेळात नवा पैसा तयार होत नाही. एकाने जिंकलेला रुपया दुसऱ्याच्या खिशातून येतो आणि खेळ भरवणारा मध्ये आपला हिस्सा कापतो. समजा, चौघांनी पाचशे-पाचशे रुपये आणले, एकूण दोन हजार. दर डावात दोनशे लागले आणि त्यातले पाच टक्के कापले, तर दहा रुपये गेले. पन्नास डावांनंतर चौघांत मिळून दीड हजारच उरतात. जिंकलेला चारचौघांत सांगतो, हरलेला गप्प बसतो. म्हणून वस्तीत जिंकल्याच्याच गोष्टी ऐकू येतात.

आता कायदाही बदलला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेद त्यात ठेवलेला नाही. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा आज कुणी पैशांच्या खेळाची लिंक पाठवली, तर ते ॲप चोरवाटेचे समजा. जिंकलेले पैसे अडकले तर दाद मागायची कुणाकडे?

पगाराच्या बाजूला फक्त पंधरा हजार लिहू नका. २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या आणि ईएसआय लागू असलेल्या कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. त्यावर घरच्यांनाही उपचार मिळतात. ठरलेले हप्ते भरलेले असतील, तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो. पीएफ वेगळा. पगारातून कपात होते, पण कार्ड हातात नाही, असे असेल तर मालकाला जाब विचारा. पत्त्यांवर जगणारा आजारी पडला, तर त्याची कमाई त्याच दिवशी थांबते.

शरीराचाही हिशोब आहे. रात्रभर मोबाईलवर जागल्याने झोप मोडते, चिडचिड वाढते, रक्तदाब असलेल्याचा आणखी चढतो. कधी जिंकणे, कधी हरणे, यामुळे मेंदूला "आणखी एक डाव" अशी ओढ लागते. जुगाराचे व्यसन हा आजार असल्याचे जागतिक आरोग्य संघटना मानते. ही लक्षणे ओळखा: हरलेले परत मिळवायला पुन्हा खेळणे, घरी खोटे बोलणे, उसनवारी, कर्जाची ॲप, बचत गटाच्या किंवा फीच्या पैशांना हात लावणे. भगवान बुद्धांनी सिगालाला केलेल्या उपदेशात जुगाराचे तोटे सांगताना, जुगाऱ्याच्या शब्दावर लोक विश्वास ठेवत नाहीत, हाही एक तोटा सांगितला आहे.

घरात असे कुणी असेल, तर शिव्याशाप देऊ नका आणि गुपचूप कर्जही फेडत राहू नका. एकूण देणे वहीवर लिहून काढा, पगाराचे खाते काही काळ घरातल्या विश्वासू माणसाने सांभाळावे, फोनमधले ॲप त्याच्याच हाताने काढायला लावा. मग डॉक्टरांकडे न्या. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, रात्री-अपरात्रीही चालतो आणि मराठीत बोलता येते. "जगून काय उपयोग" असे तो बोलू लागला, तर त्याला एकटे सोडू नका. त्याच्याजवळ बसूनच हा फोन लावा.