शेवाळ जावे, काँक्रीट राहावे : प्रेशर वॉशरचे नोझल निवडताना

(प्रतिनिधी)

पावसाळा सरला, की गृहनिर्माण संस्थांच्या आवारात एक ठरावीक चित्र दिसू लागते. वाहनतळाचा कोबा, प्रवेशद्वाराजवळचा उतार आणि कुंपणाच्या भिंतीचा पायथा हिरवट-काळा पडलेला असतो. सकाळी फिरायला निघालेल्या ज्येष्ठ नागरिकांचा त्यावरून पाय घसरतो आणि कार्यकारिणीच्या बैठकीत साफसफाईचा विषय निघतो. एकेकाळी हे काम ब्लीचिंग पावडर आणि खराट्यावर भागत असे. आता त्यासाठी प्रेशर वॉशर आणला जातो. यंत्र किती बारचे, मोटार किती वॉटची, भाडे किती, यावर बरीच चर्चा होते. नळीच्या टोकाशी बसणाऱ्या बोटाच्या पेराएवढ्या नोझलचा विषय मात्र कोणी काढत नाही. कंत्राटदाराचा माणूस हाताला येईल ते नोझल लावतो आणि कामाला लागतो.

वस्तुतः काँक्रीट स्वच्छ होणार की सोलवटून निघणार, हे मुख्यतः त्या नोझलवरच ठरते. चुकीच्या नोझलने धुतलेला कोबा त्या दिवशी पांढराशुभ्र दिसतो आणि सभासद समाधानी होतात. प्रत्यक्षात त्याच्यावरचा घोटलेला सिमेंटचा पातळ थर निघून गेलेला असतो आणि वाळू-खडी उघडी पडलेली असते. अशा खरबरीत पृष्ठभागावर पुढच्या पावसाळ्यात माती आणि शेवाळ अधिक लवकर धरते. त्यामुळे दरवर्षी धुलाई करावी लागते आणि दरवर्षी कोबा थोडाथोडा झिजत जातो. नुकसान गच्चीवर झाले, तर त्याची किंमत सर्वात वरच्या मजल्यावरील कुटुंबाला गळक्या छताच्या रूपाने मोजावी लागते.

काँक्रीट दिसते तितके अभेद्य नाही

काँक्रीट म्हणजे दगडच, त्याला पाण्याने काय होणार, असा एक समज आढळतो. इमारतीत सर्रास वापरल्या जाणाऱ्या एम-२० दर्जाच्या काँक्रीटची २८ दिवसांनंतरची दाब सहन करण्याची ताकद दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन, म्हणजे सुमारे २०० बार असते. घरगुती यंत्रे साधारणतः १०० ते १५० बारची असतात. या दोन आकड्यांची तुलना करून निर्धास्त होणे मात्र चुकीचे आहे. काँक्रीट दाबाला भक्कम असले तरी ताणाला दुबळे असते. ताण सहन करण्याची त्याची ताकद दाबाच्या ताकदीच्या ढोबळमानाने दहाव्या हिश्शाएवढीच असते. शिवाय सर्वात वरचा थर हा काँक्रीटचा सर्वात कमकुवत भाग असतो. ओतकामाच्या वेळी पाणी वर येते, त्याबरोबर सिमेंटची बारीक पूडही येते आणि तिचीच साय वर धरते. काम करताना पाणी जास्त घातले असेल किंवा नंतर पाणी मारण्यात हयगय झाली असेल, तर ही साय इतकी ठिसूळ राहते, की टोकदार झोतासमोर ती टिकत नाही. दुरुस्तीच्या कामात खराब काँक्रीट पाण्याच्याच झोताने फोडून काढण्याची पद्धत रूढ आहे. त्यासाठी हजार बारहून अधिक दाबाची यंत्रे लागतात, हे खरे. परंतु सगळा स्लॅब फोडणे आणि वरची मिलिमीटरभर साय उडवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या कामाला घरगुती यंत्र पुरेसे ठरते.

रंगांची भाषा

पंप पाणी ढकलतो. त्या पाण्याचा झोत कसा असावा, हे नोझल ठरवते. नोझलच्या तोंडाला विशिष्ट खाच असते आणि त्यातून पाणी पंख्यासारखे पसरते. हे पसरणे अंशांत मोजतात आणि ओळखीसाठी रंग वापरतात. लाल म्हणजे शून्य अंश, पिवळा १५, हिरवा २५ आणि पांढरा ४० अंश. काळे नोझल ६५ अंशांचे, मोठ्या भोकाचे आणि कमी दाबाचे असते. ते फक्त साबणासाठी असते. पुष्कळ यंत्रांत साबण ओढून घेणारी जोडणी पाण्याचा दाब कमी असेल तेव्हाच चालते. त्यामुळे हिरवे नोझल लावून साबण का येत नाही, म्हणून यंत्राला दोष देण्यात अर्थ नसतो.

या अंशांचा प्रत्यक्षातला अर्थ साध्या भूमितीने कळतो. नोझल जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर धरले, तर १५ अंशांचा पट्टा सुमारे ८ सेंटिमीटर रुंद पडतो, २५ अंशांचा सुमारे १३ आणि ४० अंशांचा जवळजवळ २२ सेंटिमीटर. पाणी तेवढेच आणि दाबही तोच. परंतु पिवळ्या नोझलमध्ये तो सारा जोर पांढऱ्याच्या जेमतेम एकतृतीयांश रुंदीवर एकवटतो. लाल नोझलमध्ये तर तो एका बिंदूवरच येतो. अंतर निम्मे केले, की पट्टाही निम्मा होतो आणि मारा तीव्र होतो. हिरवे नोझल १५ सेंटिमीटरवर आणले, तर त्याचा पट्टा ३० सेंटिमीटरवरच्या पिवळ्याहूनही अरुंद होतो. काम करणाऱ्याच्या हातातला पाइप किती खाली आला आहे, यावर कोणाचे तरी लक्ष हवे, ते यासाठी.

काँक्रीटच्या सपाट जमिनीसाठी २५ अंशांचे हिरवे नोझल ही सर्वसाधारण निवड होय. भिंत, रंगवलेला किंवा जुना, भेगाळलेला पृष्ठभाग असेल तर ४० अंशांचे पांढरे. पिवळे नोझल काँक्रीटवर चालते, पण ते चिकटून बसलेल्या थरासाठी, ठिकठिकाणच्या डागांपुरते आणि सावध हातात. लाल नोझल कोब्यावर वापरू नये, असे स्पष्टच म्हणावे लागेल. त्याने जमिनीवर अक्षरे कोरता येतात आणि ती पुढे पुसली जात नाहीत.

टर्बो या नावाने मिळणारे फिरते नोझल हा वेगळा प्रकार आहे. त्यात शून्य अंशाचाच झोत वेगाने गोल फिरतो आणि शंकूच्या आकाराचा मारा करतो. टणक, चांगल्या प्रतीच्या काँक्रीटवरचे जुने काळे थर तो झपाट्याने काढतो. हाच टर्बो ठिसूळ कोब्यावर गोल गोल ओरखडे उमटवतो. मोठे आवार असेल, तर घुमटाकार झाकणाखाली दोन नोझल असलेला दांडा फिरतो, ते 'सरफेस क्लीनर' नावाचे उपकरण अधिक योग्य. त्यात नोझलचे जमिनीपासूनचे अंतर कायम राहते. त्यामुळे हाताने धुतलेल्या जमिनीवर उमटणारे झेब्र्यासारखे पट्टे पडत नाहीत आणि आजूबाजूच्या मोटारींवर चिखलही उडत नाही.

नोझलवरचा आकडा

रंगावरून फक्त कोन कळतो. भोक केवढे, हे कळण्यासाठी नोझलवर कोरलेला आकडा वाचावा लागतो आणि बहुतेकांची चूक येथेच होते. '२५०३' किंवा '२५०३०' असे लिहिलेले असेल, तर पहिले दोन अंक कोनाचे आणि उरलेले मापाचे. म्हणजे २५ अंश, माप ३. हे माप अमेरिकी पद्धतीचे आहे : ४००० पीएसआय दाबाला मिनिटाला तितके गॅलन पाणी त्यातून जाते. एक बार म्हणजे साडेचौदा पीएसआय आणि एक अमेरिकी गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर.

उदाहरण घेऊ. यंत्र १२० बारला मिनिटाला ७ लिटर पाणी देते. १२० बार म्हणजे सुमारे १७४० पीएसआय आणि ७ लिटर म्हणजे १.८५ गॅलन. ४००० ला १७४० ने भागून वर्गमूळ काढले, की १.५२ येते. त्याला १.८५ ने गुणले, की माप मिळते २.८. या यंत्राला २.८ किंवा त्याच्या अगदी जवळचे नोझल हवे. शेजारच्या सर्व्हिस स्टेशनमधून मागून आणलेले ४ मापाचे नोझल लावले, तर दाब १२० वरून ५९ बारवर, म्हणजे निम्म्यावर येतो. मग 'यंत्रात दम नाही' म्हणून मालक पिवळे आणि पुढे लाल नोझल चढवतो. उलट २ मापाचे लावले, तर तेवढे पाणी बाहेर पडण्यासाठी २३५ बार दाब लागेल. तो यंत्राला पेलत नाही. सुरक्षा झडप उघडते, पाणी पंपातच फिरून तापते आणि पंपाचे आयुष्य घटते. हिशेबासाठी यंत्रावरचा कमाल दाबाचा आकडा घेऊ नये. कामाच्या वेळचा दाब वेगळा छापलेला असतो, तो घ्यावा.

डाग कशाचा, हेही पाहावे

शेवाळ ही सजीव वनस्पती आहे. केवळ झोताने वरचा भाग उडतो, छिद्रांत उरलेले जीव पुन्हा वाढतात. ब्लीचिंग पावडरचे पाणी शिंपडून दहा-पंधरा मिनिटे थांबावे, ते वाळू देऊ नये आणि मग हिरव्या किंवा पांढऱ्या नोझलने धुवावे. पिवळ्याची गरजच उरत नाही. कोकणात आणि गोव्यात, जेथे महिनोन्महिने ओल हटत नाही, तेथे तर रसायनाविना नुसता दाब वाढवत जाणे म्हणजे स्वतःचेच अंगण झिजवणे होय. कुंड्या आणि झाडांची मुळे मात्र आधी साध्या पाण्याने भिजवून घ्यावीत.

येथे एक इशारा आवश्यक आहे. ब्लीचिंग पावडर आणि बाथरूमचे ॲसिड एकत्र आल्यास क्लोरीन हा विषारी वायू बाहेर पडतो. सफाई कामगार बंदिस्त तळघरातील वाहनतळात काम करीत असेल, तर हा प्रकार जीवावर बेतू शकतो. शिवाय ॲसिड सिमेंटलाच विरघळवते. त्यामुळे कोब्यावर ते न वापरणेच श्रेयस्कर.

तेलाचे डाग निव्वळ गार पाण्याच्या झोताने निघत नाहीत, फार तर पसरतात. त्यावर आधी तेल काढणारे द्रावण टाकून ब्रशने घासावे लागते. भिंतीवर फुटलेला पांढरा क्षार कोरड्या ब्रशने झाडावा. पाणी मारले, की तो विरघळून पुन्हा आत मुरतो आणि वाळल्यावर परत बाहेर येतो.

पेव्हर ब्लॉकच्या सांध्यांत वाळू असते आणि तीच ब्लॉकना जागेवर धरून ठेवते. तेथे पांढरे नोझल तिरके धरून वापरावे आणि काम संपल्यावर वाळू पुन्हा भरावी. गच्चीवरील ब्रिकबॅट कोबा आणि चिनी मोझॅक यांच्याबाबत अधिक सावधगिरी हवी. सांधे उघडे पडलेले असतील, तर झोताचे पाणी थेट जलरोधक थराखाली जाते. मुंबईसारख्या किनारी शहरात जुन्या इमारतींचे छज्जे आणि बाल्कन्या ठोकून पाहाव्यात. पोकळ आवाज आला किंवा गंजाची रेघ दिसली, तर आतली सळई फुगलेली असते. तेथे प्रेशर वॉशरऐवजी दुरुस्तीचा विचार करावा. नवीन काँक्रीटवर निदान २८ दिवस हे यंत्र नेऊ नये.

काम सुरू करताना एखाद्या कोपऱ्यात, नजरेआड, हातभर जागा धुऊन पाहावी. आधी पांढरे नोझल, ३० सेंटिमीटर अंतर, झोत तिरका. उपयोग झाला नाही तर हिरवे. वाहणाऱ्या पाण्यात वाळू दिसू लागली, तर तेथेच थांबावे. झोत जमिनीकडे रोखून ट्रिगर दाबू नये. तो बाजूला सुरू करून मग सरकवत आणावा आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढवावा.

माणसाच्या बाबतीत तर नोझलची चूक अधिक गंभीर ठरते. अरुंद झोत कातडी भेदून पाणी आत घुसवतो. जखम सुई टोचल्याएवढी दिसते, रक्तही फारसे येत नाही आणि म्हणून दुर्लक्ष होते. आत मात्र ऊती खराब होत असतात. अशा वेळी घरगुती उपचारांत वेळ न दवडता तातडीने शल्यचिकित्सकाकडे जावे आणि उच्च दाबाच्या झोताने इजा झाली आहे, हे स्पष्ट सांगावे. कामगार बहुधा चपला घालून, कधी अनवाणीही काम करतो. त्याला गमबूट आणि चष्मा देण्याची जबाबदारी काम देणाऱ्याची आहे, याचा सोयीस्कर विसर पडलेला दिसतो. वीजजोडणी गळती झाल्यास आपोआप बंद होणाऱ्या स्विचमधूनच घ्यावी.

पाण्याचा प्रश्नही आहेच. मिनिटाला ७ लिटर म्हणजे तासाला ४२० लिटर. टँकरवर अवलंबून असलेल्या संस्थेला हा आकडा मोठा वाटेल, पण साध्या नळीने तेच काम करायला बहुधा याहून जास्त पाणी जाते. टाकीतील किंवा बोअरवेलचे पाणी वापरताना यंत्राच्या तोंडाशी गाळणी असलीच पाहिजे, कारण वाळूचा एक कण नोझल अडवतो. कडेने फवारा फाटू लागला किंवा यंत्र धडधडू लागले, तर यंत्र बंद करून, ट्रिगर दाबून उरलेला दाब सोडावा, नोझल काढावे आणि बारीक तारेने साफ करून उलट्या बाजूने पाणी सोडावे. वाळूने भोक झिजतेही. व्यास अवघा दहा टक्क्यांनी वाढला, तरी १२० बारच्या यंत्राचा दाब ८२ बारवर येतो. यंत्र जुने झाले, असे समजून ते मोडीत काढण्यापूर्वी एकदा त्याच मापाचे नवे नोझल लावून पाहावे.