उन्हाळ्यात परसातल्या कोंबड्या सांभाळा



होळी झाली की ऊन चटकायला लागते. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि नवतपा सुरू झाला की माणूससुद्धा घराबाहेर पडत नाही. बैल आपण निंबाखाली बांधतो, गाईला वेळेवर पाण्यावर नेतो. कोंबडीचे मात्र आपण मनावर घेत नाही. "ती काय, हिंडते कुठेही," असे म्हणतो. मग एखाद्या दुपारी दोन-चार कोंबड्या पाय ताणून पडलेल्या दिसतात. घरात ओरड होते, "मर आली!" आणि भीतीपोटी उरलेल्या कोंबड्या पडेल त्या भावाने विकून टाकल्या जातात.

मंडळी, पुष्कळ वेळा ती मर नसते, ऊन असते. उन्हावरचा इलाज घरातच आहे आणि त्याला फारसा पैसा लागत नाही. रेडिओवर ऐकलेले कामाच्या गडबडीत विसरते, म्हणून हे पत्रक. घरात कोंबड्यांचे बघणाऱ्या बाईमाणसाला ते जरूर वाचून दाखवा. अंड्यांचा पैसा तिच्या हातात येतो, पोरांच्या वह्या-पुस्तकांना तोच उपयोगी पडतो.

कोंबडीला घाम येत नाही

आपण उन्हातून आलो की घाम येतो, तो वाळतो आणि अंग गार होते. कोंबडीला घामाच्या ग्रंथीच नाहीत. वर पिसांची गोधडी. तिचे अंग मुळातच ४१ ते ४२ अंश गरम असते. बाहेरची हवा तेवढीच तापली की अंगातली उष्णता बाहेर जाणार कशी? मग ती चोच उघडून धापा टाकते. श्वासाबरोबर घशातला ओलावा वाफ होऊन जातो आणि त्याबरोबर उष्णता जाते. पाझरणाऱ्या माठातले पाणी जसे गार होते, तसाच हा प्रकार. पण माठ पाझरायला त्यात पाणी पाहिजे. कोंबडीला पाणी मिळाले नाही, की धापा टाकूनही अंग निवत नाही आणि ती मरते.

म्हणून दुपारी दोनच्या सुमारास एकदा परसात जाऊन बघा. कोंबड्या पंख अंगापासून दूर धरून, चोच उघडी ठेवून बसल्या असतील तर ऊन लागायला लागले आहे असे समजा. मान खाली टाकून डुलत असतील, तुरा काळसर पडला असेल, तर वेळ थोडा उरला आहे.

ऊन की आजार?

हा फरक ओळखता आला पाहिजे. उन्हाने मरणारी कोंबडी बहुधा सकाळी ठणठणीत असते आणि दुपारी बारा ते पाचच्या दरम्यान मरते. अंगाने भारी, चरबीदार आणि अंड्यावरची कोंबडी आधी जाते. ऊन उतरले की मरणे थांबते.

राणीखेत, म्हणजे आपली मानमोडी, वेळ पाहत नाही. रात्री, पहाटे, केव्हाही मरतुक होते. पिले आणि तलंगाही मरतात. हिरवट-पांढरी हगवण लागते, मान वाकडी होते, पाय-पंख लुळे पडतात. असे दिसले, किंवा एकदम पुष्कळ कोंबड्या मेल्या, तर पशुवैद्यकीय दवाखान्यात ताबडतोब वर्दी द्या. तोवर कोंबड्या विकू नका आणि शेजारी देऊ नका. मेलेली कोंबडी खाऊ नका, उकिरड्यावर टाकू नका. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.

पाणी : पहिला इलाज

एरवी कोंबडी जेवढा दाणा खाते त्याच्या साधारण दुप्पट पाणी पिते. कडक उन्हात ते चौपट किंवा त्याहून जास्त होते. ढोबळ हिशेब असा धरा, की मोठ्या कोंबडीला उन्हाळ्यात दिवसाला अर्धा लिटर पाणी लागते. दहा कोंबड्यांना पाच लिटर, म्हणजे अर्धी कळशी. गावात टँकरचे पाणी असले तरी एवढे बाजूला काढता येते. पाण्याविना दोन कोंबड्या गेल्या तर ते नुकसान त्या अर्ध्या कळशीपेक्षा कितीतरी मोठे आहे.

भांडे मातीचे घ्या. फुटक्या माठाचा खालचा भाग किंवा परळ चालतो. तो सावलीत, निम्मा जमिनीत पुरून ठेवा, म्हणजे पाणी गार राहते आणि भांडे कलंडत नाही. डबा किंवा प्लॅस्टिकची पाटी उन्हात ठेवली तर पाणी चटका बसेल इतके तापते आणि कोंबडी त्याला चोच लावत नाही. आपल्याला वाटते पाणी ठेवले आहे, आणि ती मात्र तहानलेली. एकाऐवजी दोन-तीन ठिकाणी पाणी ठेवा, नाहीतर दांडगी कोंबडी दुबळीला जवळ येऊ देत नाही. पाणी दिवसातून तीनदा बदला. भांडे रोज राखेने घासा. पिलांच्या भांड्यात चार खडे टाका, म्हणजे ती बुडणार नाहीत.

फार कडक उन्हाचे दिवस असतील तेव्हा एका भांड्यात लिटरला १ ग्रॅम खाण्याचा सोडा, म्हणजे पाव चहाच्या चमच्याहून थोडा कमी, विरघळून सकाळपासून दुपारपर्यंत ठेवावा. शेजारी साधे पाणीही असू द्या. मिठाचा मात्र हात आखडता ठेवा. जास्त मीठ कोंबडीला विषासारखे बाधते.

दाणा : केव्हा द्यावा हे महत्त्वाचे

दाणा पचताना अंगात उष्णता तयार होते आणि ती खाल्ल्यानंतर काही तास वाढत जाते. सकाळी दहाला पोटभर खाल्लेला दाणा ऐन दोन-तीनच्या उन्हात अंग तापवतो. आपल्याकडे रीत अशी, की शेतातून आल्यावर दुपारी उरलेली भाकरी कुस्करून कोंबड्यांपुढे टाकायची. माया खरी, पण वेळ चुकीची. ती भाकरी संध्याकाळसाठी ठेवा.

कोंबड्या फटफटताच सोडा. ज्वारी, मका, कणी जे द्यायचे ते आठच्या आत द्या. दुसऱ्यांदा ऊन कलल्यावर, पाच-साडेपाचनंतर द्या. मधल्या वेळी मेथी-कोथिंबिरीचे देठ, शेवग्याचा पाला, लसूण घास, काकडी, कलिंगडाची साल असे पाणीदार काही सावलीत टाका. ओला भरडा द्यायचा तर तासाभरात संपेल एवढाच द्या, उन्हात तो आंबतो. बुरशी लागलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड कितीही स्वस्त मिळाली तरी देऊ नका.

उन्हाळ्यात अंड्याचे कवच पातळ होते. कोंबडी कमी खाते हे एक कारण. दुसरे, सतत धापा टाकल्याने रक्तात फरक पडतो आणि कवच नीट धरत नाही. त्यासाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. शिंपले नसतील तर अंड्यांची टरफले वाळवून अगदी बारीक कुटून द्या. मोठे तुकडे दिले तर कोंबडीला अंडी फोडून खायची खोड लागते.

खुराडे : सावली आणि वारा

पत्र्याचे बंद खुराडे म्हणजे उन्हाळ्यात भट्टी. पत्र्यावर पऱ्हाट्या, तुराट्या किंवा गवताचा जाड थर द्या आणि पुढे तीन-चार फूट पडवीसारखा काढा. चुलीची ठिणगी तिथवर जाणार नाही याची काळजी घ्या. छप्पर घालणे जमत नसेल तर पत्र्याला बाहेरून चुन्याचे दोन हात द्या. पांढऱ्या रंगाने ऊन परतते.

नवे खुराडे बांधायचे तर लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे ऊन आत शिरत नाही. मुंगूस-मांजराच्या भीतीने आपण फळीचे दार घट्ट लावतो आणि आतल्या कोंबड्या रात्रभर घुसमटतात. फळीऐवजी बारीक जाळीचे दार करा. राखणही होते, वाराही येतो. दाटी करू नका. देशी कोंबडीला एरवी दोन चौरस फूट जागा पुरते, उन्हाळ्यात तीन द्या. खालच्या तुसाचा थर दोन इंचांवर आणा. आणि दुपारी कोंबडी डालग्याखाली झाकून उन्हात ठेवण्याची चूक कधीही करू नका.

ज्या बाजूने वारा येतो तिकडे ओले गोणपाट टांगावे. वारा त्यातून गार होऊन येतो. पण समोरची बाजू मोकळी पाहिजे. चारी बाजू गोणपाटाने बंद केल्या तर आत दमट कोंदट होते आणि धापा टाकूनही ओलावा उडत नाही. ही युक्ती विदर्भ, मराठवाडा, खानदेश अशा कोरड्या हवेतच लागू पडते. कोकणात हवा मुळातच दमट असते, तिथे गोणपाट ओले करण्यापेक्षा खुराडे मोकळे, वाऱ्यावर ठेवणेच बरे.

झाडाखाली थोडी माती भुसभुशीत करून त्यात चाळलेली राख मिसळा. कोंबड्या त्यात लोळतात, अंग गार करतात आणि उवाही कमी होतात. येत्या पावसाळ्यात खुराड्याजवळ शेवग्याच्या दोन फांद्या लावा. सावली कोंबड्यांना, शेंगा घराला.

अंडी आणि खुडूक कोंबडी

अंडी दिवसातून तीनदा गोळा करा आणि माठाच्या बुडाशी ओल्या वाळूजवळ, गार जागी ठेवा. तापलेल्या खोलीत कोंबडी न बसताही अंड्यातला जीव वाढू लागतो आणि मग अर्धवट मरतो. अशी अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवली तर तिचे एकवीस दिवस फुकट जातात. बसवायची अंडी चार-पाच दिवसांपेक्षा जुनी नकोत. शक्य तर ऐन मे महिन्यात कोंबडी बसवूच नका. बसवलीच, तर तिचे दाणा-पाणी तिच्या जवळच ठेवा. ती अंड्यावरून उठत नाही आणि तहानेने जाते.

लस, बाजार आणि जात

राणीखेतची लस उन्हाळा चढण्यापूर्वीच टोचून घ्या. लस बर्फाच्या थर्मासमधूनच आणा, गरम झालेली लस वाया जाते. पाण्यातून लस द्यायची असेल त्या दिवशी पाण्यात जंतुनाशक पावडर टाकू नका. कोंबड्यांना दुपारी धरू नका, पळवू नका. आठवडी बाजाराला न्यायच्या तर पहाटे, हवेशीर टोपलीतून न्या. पाय बांधून सायकलला उलट्या टांगलेल्या कोंबड्या उन्हात वाटेतच मरतात.

उघड्या मानेच्या कोंबडीला आपण कुरूप म्हणून आधी कापतो. पण मानेवर पिसे नसल्याने तिच्या अंगातली उष्णता लवकर बाहेर पडते. अशी कोंबडी आणि तसा कोंबडा बेण्यासाठी राखा. गिरिराज, वनराजासारख्या सुधारित जाती अंगाने भारी असतात, त्यांना सावली आणि पाणी जास्तच जपून द्या.

कोंबडी आडवी पडली तर

घाबरू नका. तिला हळूच उचलून सावलीत, वाऱ्यावर आणा. पाय, पोट आणि पंखाखालचा भाग गार पाण्यात बुडवा. डोके वर धरा. बर्फाचे पाणी नको, माठाचे पुरे. तुऱ्यावर ओला हात फिरवा. शुद्धीवर नसताना चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनळीत जाते आणि कोंबडी गुदमरते. सावध झाली की तिची तीच पाणी पिईल. त्या दिवशी दाणा बेताने द्या.

दिवसाचा क्रम

फटफटताच सोडा, ताजे पाणी भरा. आठपर्यंत दाणा उरका. अकराला पाणी बदला आणि गोणपाट ओले करा. दोनला जाऊन बघा, पुन्हा गार पाणी भरा. साडेपाचला दाणा द्या. तिन्हीसांजेला कोंडा, पण जाळीचे दार लावून.

एवढे मृगाचा पाऊस पडेपर्यंत नेमाने करा. हे पत्रक दारामागे चिकटवून ठेवा, आणि दुपारी स्वतः पाणी प्यायला उठाल तेव्हा परसातल्या परळातही एक तांब्या ओता.

राम राम.