मंद प्रकाशाचे अतिदीप्त नवतारे

सूर्याच्या सुमारे आठपटींहून अधिक वस्तुमान असलेल्या ताऱ्याच्या गाभ्यातील इंधन संपले, की तो गाभा स्वतःच्याच भाराने कोसळतो आणि बहुधा बाह्य थर स्फोटाने उधळले जातात. यालाच अतिदीप्त नवतारा म्हणतात. परंतु असे सर्वच तारे नावाला जागतात असे नाही.

स्फोटानंतर काही महिन्यांनी दिसणारा प्रकाश किरणोत्सर्गी निकेलपासून बनलेल्या कोबाल्टच्या विघटनातून येतो. त्यावरून निकेलचे प्रमाण काढता येते. १९८७ साली मोठ्या मॅगेलनी मेघात झालेल्या स्फोटात ते सूर्याच्या वस्तुमानाच्या सुमारे ०.०७ पट होते. १९९७ साली एनजीसी १५३६ या दीर्घिकेत आढळलेल्या '१९९७डी' मध्ये मात्र ते अवघे ०.००२ पट भरले.

याची दोन परस्परविरुद्ध स्पष्टीकरणे पुढे आली. एका मतानुसार तारा फार जड होता. स्फोट दुबळा पडल्याने निकेलयुक्त आतील थर माघारी कोसळून कृष्णविवरात गडप झाले. दुसऱ्या मतानुसार तारा आठपटींच्या मर्यादेहून थोडाच जड होता. त्यात निकेल मुळातच अल्प तयार झाले.

२००५ साली एम५१ दीर्घिकेत असाच मंद '२००५सीएस' दिसला. हबल दुर्बिणीच्या आधीच्या छायाचित्रांत त्याचा मूळ तारा सापडला. तो सूर्याच्या सुमारे नऊपट वस्तुमानाचा तांबडा महाराक्षसी तारा होता. त्यामुळे दुसऱ्या मताचे पारडे जड झाले; तथापि पहिला मार्ग अशक्य ठरला, असे मात्र नव्हे.