संघात न घेतलेले नातवंड

आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी आणि डोंगरकुशीत वसलेल्या पोलादपूर-महाडच्या गावांमध्ये अनेक घरांत नातवंडांचे संगोपन आजी-आजोबांकडेच असते. मुलगा-सून मुंबईला किंवा पुण्याला नोकरीस आणि नातवाची शाळा मात्र गावची, अशी ही व्यवस्था. त्यामुळे मुलांची भूक, वजन, उंची यांच्या तक्रारी घेऊन दवाखान्यात येतात तेही बहुधा आजी-आजोबाच. शालेय स्पर्धांच्या हंगामात त्यांतली एक तक्रार हमखास कानी पडते : “डॉक्टर, कबड्डीच्या संघात ह्याला घेतलं नाही. वर्गातली बाकीची पोरं बघा केवढी वाढली. एखादं टॉनिक लिहून द्या.”

टॉनिकाने हा प्रश्न सुटत नाही. परंतु प्रश्न खरा आहे, कारण संघात न घेतलेले मूल बहुधा वर्षा-दोन वर्षांत मैदानावर जाणेच सोडून देते.

शालेय स्पर्धांत 14, 17 आणि 19 वर्षांखालील असे गट असतात आणि वयाची गणना 1 जानेवारीपासून होते. म्हणजे जानेवारीत जन्मलेला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जन्मलेला, असे दोघेही एकाच गटात. तेरा वर्षांच्या वयात अकरा महिन्यांचे अंतर काही थोडे नव्हे. खांद्यांत, मांड्यांत, आवाजातही ते दिसते. (आपल्या पिढीत निम्म्या वर्गाची जन्मतारीख गुरुजींनी 1 जून लिहून टाकलेली असे. त्यामुळे हा हिशेब करण्याची सोयच नव्हती!) निवड करणाऱ्या शिक्षकांना समोर दिसते ते आजचे बळ, आणि त्यात त्यांचा दोष नाही. त्यांना पुढच्या आठवड्यातील सामना जिंकायचा असतो.

या गोष्टीचा पद्धतशीर अभ्यास प्रथम झाला तो दूर कॅनडात, तेथील बर्फावरच्या हॉकीत. रॉजर बार्न्सली या मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 साली दाखवून दिले की तेथील वरच्या दर्जाच्या कुमार संघांमध्ये वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेले खेळाडू अतिशय अधिक आणि शेवटच्या तीन महिन्यांतले फार थोडे असतात. तिकडेही गणना 1 जानेवारीपासूनच होते. बुद्धी किंवा कौशल्य काही महिना पाहून जन्माला येत नाही. लहानपणी थोरला दिसणारा मुलगा निवडला जातो, निवडल्यामुळे त्याला चांगला प्रशिक्षक आणि अधिक सामने मिळतात, आणि मग तो खरोखरच पुढे जातो.

उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक हॉकी संघ दरवर्षी अठरा-वीस वर्षांच्या तरुणांची पाळीपाळीने निवड करतात. याला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. नामांकित मुले पहिल्या फेरीत उचलली जातात. शेवटच्या फेऱ्यांत उरतात ती कोणाच्या फारशा नजरेत न भरलेली. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात 1980 ते 2007 या काळातील कॅनेडियन खेळाडूंच्या निवडी तपासल्या गेल्या. वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेले खेळाडू त्यांच्या पुढील कामगिरीच्या मानाने 40 हून अधिक क्रमांक मागे निवडले गेले होते. चारशे सामने किंवा दोनशे गुण अशा टप्प्यांपर्यंत पोहोचण्याची त्यांची शक्यता मात्र जानेवारी-मार्चच्या मुलांपेक्षा सुमारे दुप्पट निघाली. मागे ठेवलेल्या मुलांमध्येच ऐवज होता.

हे ज्या संघांनी ओळखले त्यांनी त्याचा लाभ करून घेतला. डेट्रॉईट संघाचे युरोपातील शोधक हाकन अँडरसन रशियात दुसऱ्याच एका खेळाडूला पाहायला गेले असता त्यांची नजर पावेल दात्सुक या अंगाने बेताच्या मुलावर खिळली. आधीच्या वर्षांच्या निवडीत त्याला कोणीच घेतले नव्हते. 1998 मध्ये डेट्रॉईटने त्याला 171 व्या क्रमांकावर घेतले आणि पुढल्या वर्षी स्वीडनच्या हेन्रिक झेटरबर्गला 210 व्या. हे दोघे 2008 साली विजेतेपद मिळवणाऱ्या संघाचे आधारस्तंभ होते. आडदांड अंग नसलेल्या मुलाला धक्काबुक्कीने जिंकता येत नाही. त्याला चकवा, नजर आणि वेळ साधण्याची कला शिकावीच लागते. पुढे अंग भरले की ही कला त्याच्याजवळ उरते आणि ताकदही येते. सगळ्याच लहानखुऱ्या मुलांचे असे होते असे मात्र नाही, हेही सांगितले पाहिजे.

आपल्याकडे ड्राफ्ट नाही, लिलाव आहे. रायगड जिल्ह्यात घरोघरी पाहिली जाणारी प्रो कबड्डी 2014 साली सुरू झाली. कोल्हापूर जिल्ह्याच्या चंदगड तालुक्यातील हुंदळेवाडीच्या सिद्धार्थ देसाई यांना त्या स्पर्धेत प्रत्यक्ष उतरण्याची संधी मिळाली ती 2018 मध्ये, वयाच्या 26 व्या वर्षी. यू मुंबाने त्यांना 36.4 लाख रुपयांना घेतले. त्या एका हंगामात त्यांनी चढाईत 218 गुण मिळवले आणि पुढील लिलावात तेलुगू टायटन्सने त्यांच्यासाठी 1 कोटी 45 लाख मोजले. देसाई अंगाने चांगलेच भक्कम आहेत, तेव्हा हे उदाहरण लहान चणीचे नव्हे. परंतु चंदगडसारख्या कोपऱ्यातला खेळाडू नजरेस पडायला वेळ लागतो आणि तोवर त्याने मैदान सोडलेले नसावे लागते, एवढे त्यावरून दिसते. हे पोलादपूरलाही लागू आहे.

आता शरीराकडे वळू. मुलांची उंची झपाट्याने वाढण्याचा काळ सरासरीने तेरा-चौदाव्या वर्षी येतो, मुलींचा त्याआधी सुमारे दोन वर्षे. पण ही सरासरी झाली. एखाद्या निरोगी मुलाला बाराव्या वर्षीच मिसरूड फुटते, तर दुसऱ्याचा आवाज पंधराव्या वर्षी फुटतो. मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचे वय पाहिले, तर एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलांत तीन वर्षांचेही अंतर सापडू शकते. उशिरा वाढणाऱ्या मुलाच्या वडिलांची किंवा मामाची उंचीही पुष्कळदा उशिराच वाढलेली असते, आणि हे ठाऊक असते ते आजीलाच. डॉक्टरांना ते अवश्य सांगावे. अनेक तपासण्या त्याने वाचतात. अशी मुले पुढे बहुधा घराण्याच्या उंचीपर्यंत पोहोचतात.

तरीही प्रत्येक लहानखुरे मूल ‘उशिराचे’ म्हणून सोडून देणे योग्य नव्हे. मुलामध्ये 14 वर्षे पूर्ण होऊनही वयात येण्याची कोणतीच खूण नसेल, मुलीमध्ये 13 पर्यंत नसेल किंवा 15 पर्यंत पाळी आली नसेल, तर डॉक्टरांना दाखवावे. शाळकरी वयात वर्षाला 4 सेंटिमीटरपेक्षाही कमी उंची वाढत असेल, तर वयात येण्याची वाट न पाहता थायरॉईड व इतर तपासण्या कराव्यात.

दम लवकर लागणारे मूल आळशी ठरवण्यापूर्वी त्याचे हिमोग्लोबिन पाहावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार देशातील 15 ते 19 वयाच्या 59.1 टक्के मुलींना आणि 31.1 टक्के मुलग्यांना रक्तक्षय आहे. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी नातवंडे दप्तरातच ठेवत नाहीत ना, हे आजीने पाहावे. गोळी जेवणानंतर घ्यावी, म्हणजे मळमळ कमी होते. मात्र तिच्याबरोबर चहा देऊ नये. आपल्या डोंगरातील नाचणीत कॅल्शियम भरपूर असते. तिच्या भाकरीसोबत कुळथाचे पिठले, अंडे किंवा मासळी असेल, तर डब्यातील महाग पावडरीची गरज पडत नाही. वाढीचे संप्रेरक मुख्यतः गाढ झोपेत स्रवते, म्हणून रात्री अकरापर्यंत मोबाइल हातात असलेले मूल आपल्याच वाढीच्या वेळेला कात्री लावते.

झपाट्याने उंची वाढत असताना गुडघ्याच्या वाटीखाली किंवा टाचेत दुखू लागते. तेथे हाड अजून कोवळे असते आणि स्नायू त्याला ओढतात. काही दिवस उड्या कमी कराव्यात, बर्फाने शेकावे. खेळ कायमचा बंद करू नये. मात्र रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, सूज किंवा ताप असल्यास विलंब करू नये.

मुलींविषयी आजींना एक विनंती. पाळी सुरू झाली म्हणून तिचे मैदान बंद करू नका. त्या दिवसांत खेळल्याने अपाय होत नाही. धावायला नको म्हणण्याऐवजी तिला चांगले पॅड आणि शाळेत ते बदलायला स्वच्छ जागा मिळते का, एवढे पाहा.

संघ निवडणाऱ्या शिक्षकांशीही बोलता येते. मुलाला या वर्षी सामन्यात उतरवू नका, पण सरावाला येऊ द्या, एवढेच मागावे; बहुतेक शिक्षक नाही म्हणत नाहीत. घरी दर तीन महिन्यांनी, शक्यतो सकाळी, मुलाला अनवाणी भिंतीशी उभे करून डोक्यावर सपाट पुस्तक ठेवावे, पेन्सिलीने खूण करावी आणि शेजारी तारीख लिहावी. दवाखान्यात येताना त्या तारखा आणि मापे वहीत उतरवून आणावीत.