मनगटावरचा मुनीम

गेल्या वर्षी वाढदिवसाला लेकीने मनगटावर बांधायचा फिटनेस बँड दिला. ‘‘पेशंटना रोज चाला म्हणून सांगतेस, स्वतः किती चालतेस ते तरी बघ,’’ असा टोमणाही सोबत होता. मी मनातल्या मनात हसले. सकाळी वॉर्डाचा राउंड, मग दुपारपर्यंत ओपीडी, मध्येच कॅज्युअल्टीचा फोन. दिवसभर पायाला भिंगरी लागलेली असते असा माझा पक्का समज होता. रात्री बँड पाहिला तर ३,१८० पावलं. बिघडला असणार, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी ३,४०२. तो बिघडला नव्हता. ओपीडीत मी चार-साडेचार तास खुर्चीतून हलत नाही, रुग्ण माझ्याकडे चालत येतात. दमणूक खरी होती, चालणं नव्हतं. डोक्याचा थकवा मी इतकी वर्षं पायांच्या खात्यावर जमा करत आले होते.

कुतूहल म्हणून एक दिवस तो बँड आमच्या वॉर्डातल्या मावशींच्या मनगटावर बांधला. ड्युटी संपताना आकडा होता १२,९००. मावशी म्हणाल्या, ‘‘मॅडम, हे मशीन कमीच सांगतंय.’’ आणि त्यांचं खरं होतं.

ही यंत्रं पावलं मोजतात म्हणजे काय करतात? बँडमध्ये तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान असा एक वेगमापक असतो. हाताचा झोका, त्याचा ताल, त्याचा जोर तो टिपतो आणि या हालचाली चालण्याच्या नमुन्याशी जुळल्या की एकेक पाऊल लिहितो. म्हणजे पाय काय करतात हे त्याला ठाऊक नसतं, त्याला फक्त हात कळतो. म्हणून भाकरी थापताना पावलं वाढतात, आरतीला टाळ्या वाजवताना वाढतात, खड्ड्यांच्या रस्त्यावर दुचाकीवर बसल्या बसल्याही थोडी वाढतात. उलट दोन्ही हातांनी स्ट्रेचर ढकलत मावशी तळमजल्यावरून एक्स-रेपर्यंत गेल्या, तर हात दांड्यावर स्थिर असल्यामुळे त्यातली बरीच पावलं हिशोबात येत नाहीत. भातलावणी करणारी बाई दिवसभर वाकून चिखलात काम करते. तिच्या मनगटावर बँड बांधला तर आकडा पाहून ती आळशी वाटेल.

आता त्या प्रसिद्ध १०,००० पावलांविषयी. हा आकडा कुठल्या वैद्यकीय संशोधनातून निघालेला नाही. १९६४च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर जपानमध्ये व्यायामाचं वारं वाहत होतं, तेव्हा १९६५ साली तिथल्या एका कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं. त्याचं नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. आकडा गोल होता, लक्षात राहणारा होता, म्हणून टिकला. २०१९ साली अमेरिकेत १६ हजारांहून अधिक वयस्कर स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचं सरासरी वय ७२ होतं. दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांच्या तुलनेत ४,४०० चालणाऱ्यांमधलं मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी आढळलं. फायदा साधारण ७,५०० पर्यंत वाढत गेला आणि मग सपाट झाला. अशा अभ्यासातून चालण्यामुळेच आयुष्य वाढलं असं सिद्ध होत नाही, कारण जो आधीच आजारी आहे तो कमीच चालतो. तरीही गुडघे धरून बसलेल्या आजीला मी दहा हजारांचं भय दाखवत नाही. आज अडीच हजार होतात ना, पुढच्या महिन्यात तीन करा, एवढंच सांगते.

मावशींच्या १२,९०० पावलांनी मला वेगळ्याच कारणाने विचारात पाडलं. त्यांचं वजन जास्त आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे, गुडघे दुखतात. एवढं चालून हे कसं? कामातलं चालणं आणि व्यायामातलं चालणं शरीराला सारखंच मानवतं असं नाही, याकडे हल्ली संशोधकही लक्ष वेधतात. कामावरचं चालणं तुटक असतं, ओझ्यासह असतं, आणि थांबावंसं वाटलं तरी थांबता येत नाही. बँड पावलं मोजतो, ती कुणाच्या हुकमाने टाकली हे मोजत नाही.

पावलांपेक्षा जास्त काळजी मला हृदयाच्या आकड्यांची वाटते, कारण लोक ते घेऊन थेट ओपीडीत येतात. बँड उलटा करून पाहिलात तर हिरवा दिवा लुकलुकताना दिसेल. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. प्रत्येक ठोक्याला त्वचेखालच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत रक्त थोडं वाढतं, परत येणारा प्रकाश थोडा कमी होतो, आणि त्या चढउतारावरून ठोके मोजले जातात. शांत बसलेल्या माणसात हे मोजमाप चांगलं येतं. पण पट्टा सैल असेल, हात हलत असेल, मनगट गार पडलं असेल तर चुकतं. मनगटावर गोंदण असेल तरी चुकू शकतं, कारण गोंदणाची शाई प्रकाश अडवते. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी आज्यांच्या हातांवर ते असतं. बांगड्यांमुळे पट्टा वर सरकतो आणि सैल होतो, हा माझा स्वतःचा अनुभव. कधी कधी तर यंत्र ठोक्यांऐवजी पावलांचा तालच मोजू लागतं आणि मिनिटाला १५० असा आकडा दाखवून माणसाला घाबरवतं. अशा वेळी थांबा, अंगठ्याच्या बाजूला मनगटावर दोन बोटं ठेवा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. जुनी पद्धत आहे, चार्जिंग लागत नाही.

‘रात्री ठोके ४८ झाले’ असा स्क्रीनशॉट महिन्यातून दोन-तीनदा तरी पाहते. गाढ झोपेत ठोके पन्नाशीच्या खाली जाणं अनेक निरोगी माणसांत होतं. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर ते आणखी स्वाभाविक. मात्र ठोके कमी आणि सोबत चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, धाप असेल तर स्क्रीनशॉट काढत बसू नका, लगेच या.

या सगळ्यात एक प्रसंग मला विसरता येत नाही. पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ, बँकेत नोकरीला, नियमित फिरणारे. हातात ईसीजी काढणारं महागडं घड्याळ. रात्री अकराला छातीत जड वाटू लागलं, घाम आला. त्यांनी घड्याळावर बोट ठेवून ईसीजी काढला. पडद्यावर ‘सायनस ऱ्हिदम’ असं उमटलं. त्याचा अर्थ त्यांनी ‘सगळं ठीक’ असा घेतला, ॲसिडिटीची गोळी घेतली आणि पडून राहिले. पहाटे दोनला पुन्हा काढला, पुन्हा तेच. सकाळी सहाला बायकोने जबरदस्तीने रिक्षात घातलं. आमच्या ईसीजीवर हृदयाच्या समोरच्या भिंतीचा मोठा झटका स्पष्ट दिसत होता. सात तास उलटले होते. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं, पुढे अँजिओप्लास्टीसाठी पाठवलं, जीव वाचला. पण जो भाग तोवर निकामी झाला तो झालाच. त्यांच्या हृदयाची पंप करण्याची क्षमता आज जेमतेम ३५ टक्के आहे. निरोगी माणसात ती साठच्या आसपास असते.

घड्याळ खोटं बोललं का? नाही. सायनस ऱ्हिदम म्हणजे ठोक्यांचा ताल नैसर्गिक ठिकाणाहून सुरू होतो आहे आणि नियमित आहे. झटका आलेल्या बहुतेक माणसांचा ताल सुरुवातीला नियमितच असतो. दवाखान्यातला ईसीजी हृदयाकडे बारा कोनांतून पाहतो, त्यातले सहा छातीवरून. घड्याळ पाहतं एकाच कोनातून, एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे. घराच्या मागच्या खोलीला आग लागली आहे की नाही हे पुढच्या दाराच्या फटीतून पाहण्यासारखं ते आहे. झटका ओळखणं हे या ॲपचं काम नाही, अशी सूचनाही त्यात असते. पण घाम फुटलेला माणूस बारीक अक्षरं कुठून वाचणार? छातीत दाब, जबडा किंवा डाव्या हाताकडे जाणारी कळ, दरदरून घाम, अचानक धाप, यातलं काही असेल तर घड्याळ काय म्हणतं हा प्रश्नच उरत नाही. १०८ला फोन करा किंवा जवळचं रुग्णालय गाठा.

ताल बिघडला असेल तर मात्र हेच घड्याळ उपयोगी पडू शकतं. एट्रियल फिब्रिलेशन नावाच्या विकारात हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरतात, तिथे रक्ताची गुठळी होते, ती मेंदूत गेली की पक्षाघात. अनेकांना याची जाणीवही नसते. अमेरिकेत चार लाखांहून अधिक लोकांच्या घड्याळांवर झालेला एक मोठा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या साधारण अर्धा टक्का लोकांना अनियमित नाडीची सूचना मिळाली. सूचना मिळालेल्यांपैकी ज्यांनी नंतर छातीवर पट्टी लावून अनेक दिवसांचा ईसीजी नोंदवला, त्यांच्यातल्या ३४ टक्क्यांमध्ये हा विकार त्या काळात आढळला. हा विकार येऊन-जाऊन असतो, त्यामुळे बाकीच्यांना तो नव्हताच असंही नाही. तेव्हा अशी सूचना आली तर रात्रीची झोप उडवून घेऊ नका, पण महिनाभर चालढकलही करू नका. साधा ईसीजी काढून घ्या, गरज पडली तर चोवीस तासांचा होल्टर.

झोपेचं काय सांगू! सकाळी छान ताजीतवानी उठले, बँडने ६१ गुण दिले, आणि आपली झोप नीट झाली नाही या विचाराने अर्धा दिवस मरगळ वाटली. झोपेचे टप्पे खऱ्या अर्थाने मोजायचे तर डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी नोंदवाव्या लागतात. बँड हालचाल आणि ठोक्यांवरून अंदाज बांधतो. गुणांच्या मागे लागून झोप घालवणाऱ्यांसाठी २०१७ साली डॉक्टरांनी ‘ऑर्थोसोम्निया’ असा शब्दही काढला. मी रात्री बँड काढून ठेवते.

कॅलरीचा आकडा पाहून जिलेबी खाऊ नका. २०१७ साली स्टॅनफर्डमध्ये सात यंत्रं तपासली, तेव्हा सहांनी ठोके पाच टक्क्यांच्या फरकाने मोजले, पण कॅलरीत त्यातल्या सर्वांत अचूक यंत्राचीही सरासरी २७ टक्के चूक होती. आणि सुईविना रक्तातली साखर सांगणारं घड्याळ कुणी विकत असेल तर घेऊ नका. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्येच त्याबद्दल इशारा दिला आहे. त्या आकड्यावर इन्सुलिनचा डोस ठरवला तर जिवावर बेतेल.

एवढी कुरकुर करूनही बँड फेकून द्या असं मी म्हणत नाही, त्याचं कारण एक शिक्षिका. वय चाळीसच्या आसपास. ‘‘मॅडम, मला काही होत नाही, पण हे बघा,’’ म्हणत तिने मोबाइल पुढे केला. विश्रांतीतले ठोके चार महिन्यांपूर्वी ६८ असायचे, ते हळूहळू ७४, ७९ करत ८६ वर आले होते. एकेक आकडा पाहिला तर त्यात गैर काहीच नव्हतं. ८६ ठोके घेऊन कुणी आलं असतं तर मी दुसऱ्यांदा पाहिलंही नसतं. पण ती रेघ सलग चढत होती. डोळ्यांची पापणी खाली ओढून पाहिली तर आतला भाग पांढुरका. खोदून विचारल्यावर कळलं की वर्षभर पाळीत खूप रक्त जातंय, ‘या वयात होतंच’ म्हणून ती सोसत होती. हिमोग्लोबिन ७.२. शरीरात रक्त कमी झालं म्हणून प्राणवायू पोहोचवण्यासाठी हृदय जास्त फेऱ्या मारत होतं. सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइड सापडला. उपचार झाले, लोह दिलं, आणि ती रेघ हळूहळू पुन्हा सत्तरच्या आसपास उतरली. ताप, थायरॉइड, सततचा ताण यांतही ती अशीच चढते. म्हणून पेशंट मोबाइल पुढे करतो तेव्हा मी आजचा आकडा आधी बघत नाही, तीन महिन्यांचा आलेख काढायला सांगते.

बँकेतले ते गृहस्थ दर महिन्याला तपासणीला येतात. घड्याळ अजून हातात आहे. परवा त्यांनी विचारलं, ‘‘हे काढून टाकू का?’’ म्हटलं, राहू द्या. सध्या रोज ३,००० पावलं, दर आठवड्याला पाचशे वाढवायची, आणि चालताना सोबत्याशी सलग बोलता येईल इतकाच वेग. धाप लागली किंवा छातीत जड वाटलं तर तिथेच थांबायचं. त्यांच्या बायकोने ते माझ्याच चिठ्ठीच्या मागे लिहून घेतलं आणि शेवटच्या ओळीखाली १०८ लिहून दोनदा रेघ मारली.